"हा तुमचा आपसातला मामला"

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या निवासी शिबिरात 'हाय नून' हा चित्रपट दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं हे भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



काल वेळापत्रकात 'रात्री ८ वाजता : काउबॉयचा सिनेमा' असं वाचून तुमच्यातल्या काहीजणी हसल्या. एकीने तर मला विचारलंच, "ताई, घोडे आणि बंदुका बघायला एवढ्या लांब आणलंत का?" प्रश्न रास्त होता. या जातीच्या सिनेमांत बायका बहुधा दोनच प्रकारच्या असतात. एक खिडकीत उभी राहून वाट बघणारी आणि दुसरी गुत्त्यात नाचणारी. त्या जमिनीचे मूळ मालक असलेले आदिवासी तर गोळ्या खाऊन घोड्यावरून पडण्यापुरतेच येतात. हे सगळं मला माहीत आहे. तरी हा एक सिनेमा मी मुद्दाम निवडला. का, ते सांगते. पण काहीजणी प्रवासाने दमून मध्येच झोपल्या होत्या, म्हणून आधी गोष्ट थोडक्यात.

सिनेमा १९५२ सालचा, कृष्णधवल, ८५ मिनिटांचा. दिग्दर्शक फ्रेड झिनेमन, पटकथा कार्ल फोरमन यांची. काळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, न्यू मेक्सिको प्रदेशात हॅडलीव्हिल नावाचं एक छोटं गाव. गावाचा मार्शल, म्हणजे कायदा-सुव्यवस्था राखणारा अधिकारी, विल केन. गॅरी कूपरने ते काम केलं आहे. रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला त्याचं लग्न लागतं. नवरी एमी, म्हणजे ग्रेस केली. ती क्वेकर पंथाची आहे. या पंथात हिंसा वर्ज्य. केन नोकरी सोडून तिच्याबरोबर दुसऱ्या गावी दुकान चालवायला निघालेला आहे. नवा मार्शल दुसऱ्या दिवशी यायचा आहे.

तेवढ्यात तार येते. फ्रँक मिलर सुटला. या मिलरने एके काळी गाव मुठीत ठेवलं होतं. केनने त्याला पकडलं, खुनासाठी फाशीची शिक्षा झाली. मग वरच्या लोकांनी फाशीची जन्मठेप केली आणि आता माफीही दिली. तो बाराच्या गाडीने येतो आहे. त्याचे तीन साथीदार स्टेशनवर वाट बघत बसलेले आहेत. गावकरी केनला घाईघाईने गाडीत बसवून वाटेला लावतात. थोडं अंतर गेल्यावर तो गाडी वळवून परत येतो. त्याचं म्हणणं, पळालो तरी ते माग काढत येतील. आणि त्या गावात आपले मित्र आहेत, चार माणसं उभी राहिली तर निभावून नेता येईल.

यापुढचा सगळा सिनेमा म्हणजे एक माणूस दारोदार फिरतो आहे आणि भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकतं आहे. शेवटची दहा मिनिटं सोडली तर गोळीबार जवळजवळ नाहीच. गावात गुंड येण्याआधी गाव काय करतं, हा या सिनेमाचा विषय आहे. म्हणून तो मला आपला वाटला.

आता आपण केनच्या मागोमाग एकेका दारात जाऊन बघू.

पहिला न्यायाधीश. ज्याने मिलरला शिक्षा सुनावली तोच. केन येतो तेव्हा तो भिंतीवरचा झेंडा उतरवून, न्यायाचा तराजू पिशवीत घालून घोड्यावर खोगीर चढवतो आहे. जाता जाता तो केनला प्राचीन अथेन्सचा दाखला देतो. तिथल्या लोकांनी एका जुलमी राजाला हाकललं, पुढे तो भाडोत्री सैन्य घेऊन परत आला तेव्हा त्याच लोकांनी त्याला वेशीचे दरवाजे उघडून दिले. इतिहास त्याला चांगला ठाऊक आहे. त्याचा उपयोग त्याने वेळेवर पळण्यासाठी केला.

दुसरा केनचा हाताखालचा माणूस, हार्वी. नवा मार्शल म्हणून माझी शिफारस केलीस तर थांबतो, नाही तर हा बिल्ला घे, म्हणतो. तिसरा सॅम फुलर, केनचा मित्र. तो आत बसतो आणि बायकोला दारात पाठवतो, "नाही म्हणून सांग." ती बिचारी सांगते. केन ओळखतो, तीही ओळखते की त्याने ओळखलं. चौथा म्हातारा मार्शल मार्टिन हाउ, केनचा गुरूच म्हणा ना. त्याच्या हाताची बोटं संधिवाताने वाकडी झाली आहेत. आयुष्यभर या कामात घालवून हाती काय आलं, असा त्याचा सूर. लोकांना मनातून कायदा-सुव्यवस्था नकोच असते, म्हणतो.

मग सलून. तिकडे सलून म्हणजे दारूचा गुत्ता, आपलं केस कापायचं नव्हे. मिलरच्या काळात धंदा जोरात होता असं मानणारे गावात आहेत. हॉटेलातला कारकून तर एमीला तोंडावर सांगतो की पूर्वी इथे गर्दी असायची. गुंडगिरीवर पोट भरणारे लोक प्रत्येक गावात असतात. त्यांचं मला नवल वाटत नाही.

नवल वाटतं ते चर्चचं. तिथे गावातली भली माणसं जमलेली आहेत. केन मदत मागतो. काहीजण उठतात, आणि कोणीतरी म्हणतं, थांबा, आधी चर्चा करू. मुलांना बाहेर खेळायला पाठवतात. मग सुरू होते सभा. एक म्हणतो, आम्ही कर कशासाठी भरतो? हे मार्शलचं काम. दुसरा म्हणतो, मिलरला वरच्यांनी सोडला, निस्तरायचं आम्ही? तिसरा म्हणतो, सगळ्यांना माहीत आहे, केन आणि मिलर यांचं जुनं वैयक्तिक वैर आहे. पाद्री म्हणतो, धर्म हत्या करू नको सांगतो, मी कुणाला मरायला जा कसं सांगू? शेवटी उठतो जोनास हेंडरसन, गावचा मोठा माणूस, केनचा हितचिंतक. तो आधी केनचं तोंडभर कौतुक करतो. आम्हाला वाटतं, आता हा उभा राहणार. मग म्हणतो, वरचे लोक आपल्या गावात पैसा घालणार आहेत, दुकानं येतील, कारखाने येतील. आज रस्त्यात गोळीबार झाला तर गावाचं नाव खराब होईल. केन इथे नसेल तर काहीच होणार नाही. तेव्हा विल, तू जा.

काल हा प्रसंग मी थांबवून थांबवून मराठीत सांगत होते, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "अगं, ही तर आमची ग्रामसभा!" मी तेव्हा काही बोलले नाही. आज त्यावरच बोलायचं आहे.

या कारणांची यादी फळ्यावर लिहिली आणि केनचं नाव पुसून तिथे आपल्याकडे येणाऱ्या कुठल्याही बाईचं नाव लिहिलं, तर किती शब्द बदलावे लागतील? हे पोलिसांचं काम. कोर्टाने सोडला त्याला आम्ही काय करणार? गावाचं नाव जाईल. तीच गेली तर सगळं शांत होईल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा त्यांचा आपसातला मामला आहे.

नीट बघा. मिलर गावाचा शत्रू होता. केनने त्याला पकडलं ते गावासाठी, गावाने दिलेला बिल्ला लावून. पण संकट आल्याबरोबर गावाने काय केलं? सार्वजनिक प्रश्नाचा खाजगी प्रश्न केला. एकदा तो खाजगी झाला की कोणी भित्रा ठरत नाही. दुसऱ्याच्या खाजगी भांडणात न पडणं हा तर सभ्यपणा झाला! भित्रेपणाला सभ्यपणाचं नाव देण्याची ही सगळ्यात सोपी युक्ती आहे, आणि बायकांच्या बाबतीत ती शतकानुशतकं वापरली गेली आहे. नवरा-बायकोचं भांडण, दीर-भावजयीचं भांडण, घरातली गोष्ट घरात. आपल्या चळवळीने जर कुठली एक गोष्ट केली असेल तर ती ही, की खाजगी म्हणून झाकलेल्या गोष्टी उचलून चावडीवर आणल्या. १९८३ साली ४९८-अ कलम आलं, २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आला, त्यामागे हीच लढाई होती. कायदा झाला म्हणून चर्चमधली सभा बदलली, असं मात्र नाही.

आता या सिनेमातल्या बायकांकडे वळू.

चर्चमध्ये पुरुषांची एवढी चर्चा चाललेली असताना एक बाई उठते. दोनच क्षण दिसते. ती म्हणते त्याचा मतलब असा : तुम्हाला झालंय तरी काय? भर दिवसा बाईमाणसाला रस्त्यातून जाता येत नव्हतं ते दिवस विसरलात? तरी बसून नुसते बोलताय? सगळ्या सभेत मिलरचं राज्य म्हणजे नेमकं काय होतं, हे तिने सांगितलं. पुरुषांच्या हिशेबात कर होता, धंदा होता, गावाचं नाव होतं. बाईच्या हिशेबात रस्ता होता. तिचं बोलणं कोणी खोडून काढलं नाही, कारण त्याची दखलच कोणी घेतली नाही. सभा पुढे गेली. आपल्यापैकी कितीजणींनी हे अनुभवलंय, हात वर करायला सांगत नाही.

अर्थात ती 'सभ्य बाईमाणसाला' असं म्हणते. म्हणजे 'असभ्य' ठरवलेल्यांनी रस्त्यात काय सोसलं, ते तिच्याही हिशेबात नाही. ती दुसरी बाई म्हणजे हेलन रामिरेझ. मेक्सिकन अभिनेत्री कॅटी हुरादो हिने ते काम केलं आणि त्यासाठी तिला गोल्डन ग्लोब पारितोषिक मिळालं. हेलन धंदा करते, म्हणजे दुकानात तिचा पैसा आहे. हल्ली 'धंदा' शब्द बाईबरोबर आला की लोक भलताच अर्थ घेतात म्हणून स्पष्ट केलं. एके काळी ती मिलरची होती, मग केनची, आता हार्वीबरोबर आहे. गाव तिच्याकडून माल घेतं, पण तिच्या शेजारी बसत नाही. गावातल्या एका प्रतिष्ठित माणसाच्या दुकानात ती छुपी भागीदार आहे. छुपी, कारण उघड भागीदारी त्याला परवडणार नाही. त्या गावात मेक्सिकन बाई म्हणून जगणं काय असतं, हे ती एमीला एका वाक्यात सांगते. आणि लक्षात घ्या, न्यू मेक्सिको १८४८ पर्यंत मेक्सिकोचाच भाग होता. म्हणजे परकी ठरली ती जी आधीपासून तिथली होती.

या हेलनचा एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. हार्वी तिला जबरदस्तीने जवळ ओढतो. ती त्याला थोबाडीत मारते आणि सांगते की माझी इच्छा नसताना कोणी अंगाला हात लावलेला मला चालत नाही. १९५२ सालच्या सिनेमात, गावाने 'तसली' ठरवलेल्या बाईच्या तोंडी हे आहे! पूर्वी होकार दिला म्हणून आजही होकार आहे असं नव्हे, हे समजावताना आजही आपली दमछाक होते.

आणि एमी. काल तुमच्यापैकी काहींना तिचा राग आला. लग्नाच्या दिवशी नवऱ्याला सोडून बाराच्या गाडीचं तिकीट काढते म्हणून. मला नाही आला. तिचे वडील आणि भाऊ गोळीने मेले आहेत. भाऊ १९ वर्षांचा होता, तिच्या डोळ्यांसमोर गेला. ते दोघं न्यायाच्या बाजूने होते, पण गोळीला ते कळत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून ती क्वेकर झाली. तिची अहिंसा ही भाबडेपणातून आलेली नाही, अनुभवातून आलेली आहे. सिनेमा शेवटी तिच्याच हातात पिस्तूल देतो. ती खिडकीतून एका गुंडाला पाठीत गोळी घालते आणि नवऱ्याचा जीव वाचवते. मिलर तिला ढाल करून धरतो तेव्हा ती त्याचं तोंड ओरबाडून सुटते, म्हणून केनला नेम धरता येतो. म्हणजे चौघांशी लढाई एकट्या नायकाने जिंकली, असं जे पोस्टर सांगतं ते खरं नाही. पण तिला स्वतःचं मत मोडून हे करावं लागलं. गावातले दहा पुरुष उभे राहिले असते तर तिच्यावर ती वेळ आली नसती. जेव्हा समाज आपलं काम करत नाही, तेव्हा त्याची किंमत बाई स्वतःच्या तत्त्वाने भरते. तिच्या पिस्तुलाला टाळ्या वाजवताना हे विसरू नका.

आता माझी तक्रार. केन गावभर फिरतो, पण एकाही बाईला मदत मागत नाही. हेलनकडे जातो तो फक्त तिला गाव सोडून जा सांगायला. आपणहून पुढे येतात ते कोण? एक डोळा गेलेला दारुडा आणि १४ वर्षांचं पोरगं. ज्यांना गाव माणसांत धरत नाही ते. त्यांना तो परत पाठवतो. प्रत्यक्ष इतिहास मात्र वेगळा आहे. त्याच पश्चिमेकडच्या वायोमिंग प्रदेशाने १८६९ साली स्त्रियांना मताधिकार दिला, आणि १८७० साली तिथल्या साउथ पास सिटी या खाणकामगारांच्या गावात एस्थर मॉरिस ही बाई न्यायदंडाधिकारी म्हणून बसली. झेंडा आणि तराजू गुंडाळून पळालेल्या न्यायाधीशाच्या जागी मला नेहमी ती दिसते. पण सिनेमावाल्यांना ती दिसली नाही.

हा सिनेमा असा का झाला, तेही जाणून घेण्यासारखं आहे. पटकथाकार कार्ल फोरमन पूर्वी कम्युनिस्ट पक्षात होते. त्या काळात अमेरिकेत संसदेची एक समिती सिनेमावाल्यांना बोलावून विचारत होती की तुम्ही कम्युनिस्ट आहात का, आणि तुमच्याबरोबर आणखी कोण होते त्यांची नावं सांगा. नावं सांगितली नाहीत तर काम बंद. फोरमन यांना १९५१ साली, याच सिनेमाच्या दिवसांत, समितीचं बोलावणं आलं. त्यांनी नावं सांगितली नाहीत. मग ओळखीची माणसं दूर झाली. धंद्यातला भागीदार वेगळा झाला. पुढे ते देश सोडून इंग्लंडला गेले. त्या दिवसांत आजूबाजूची माणसं जशी वागली ते पटकथेत उतरलं, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. चर्चमधली सभा त्यांना कल्पनेने रचावी लागली नाही.

काउबॉयच्या सिनेमांचा बादशहा जॉन वेन याला हा सिनेमा देशद्रोही वाटला. फोरमनला देशाबाहेर घालवण्यात आपला हात होता याचा खेद नाही, असं तो १९७१ साली मुलाखतीत म्हणाला. आणि १९५९ साली दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स व त्याने मिळून 'रिओ ब्राव्हो' काढला, तो 'हाय नून'ला उत्तर म्हणून. खरा मर्द असा मदत मागत फिरत नाही, हा त्यांचा आक्षेप. मर्दानगीची ही व्याख्या आपल्या ओळखीची आहे. मदत मागणं म्हणजे कमीपणा! मी म्हणते, केनने या सिनेमात सगळ्यात धैर्याचं काही केलं असेल तर ते हेच. गोळीबार तर शेवटी सगळेच नायक करतात.

उलट पोलंडमधल्या लोकांना सिनेमा बरोबर कळला. ४ जून १९८९ ला तिथे निवडणूक झाली तेव्हा 'सॉलिडॅरिटी' या कामगार संघटनेच्या बाजूने एक पोस्टर लागलं. त्यावर गॅरी कूपर चालत येतो आहे, पण हातात पिस्तूल नाही, मतपत्रिका आहे. एकट्या माणसाचं चित्र घेऊन त्यांनी त्याचं लाखो माणसांचं चित्र केलं. आणि ती निवडणूक त्यांनी जिंकली.

आता मूळ मुद्द्यावर येते. सिनेमात हर्ब बेकर नावाचा एक माणूस आहे. तो सुरुवातीलाच केनकडे येतो, मी तुझ्याबरोबर आहे म्हणतो, मनापासून म्हणतो. बाराला काही मिनिटं असताना परत येतो आणि विचारतो, बाकीचे कुठे आहेत? केन म्हणतो, कोणी नाही, आपण दोघंच. त्याचा चेहरा पडतो. मला बायकामुलं आहेत, म्हणतो आणि जातो.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हर्बची चीड आली होती. आता येत नाही. हर्ब खोटारडा नव्हता. त्याच्याकडे दहाजणांतला एक होण्याइतकं धैर्य होतं, दोघांतला एक होण्याइतकं नव्हतं. बहुतेक माणसं अशीच असतात. मीही तशीच आहे. चर्चमध्ये जे चार-पाच जण उठले होते तेही हर्बच होते. त्यांना चर्चेने परत खाली बसवलं. आणि सॅम फुलरची बायको, जिला दारात खोटं बोलावं लागलं, तिला तर कोणी विचारलंच नाही की बाई, तुझं काय म्हणणं आहे? पंचनाम्याच्या वेळी 'मला काही ऐकू आलं नाही' म्हणणारी शेजारीण बघितली की मला ती आठवते. तिच्या मागे आत कोण बसलंय, ते आपण बघतो का?

आता एक गोष्ट सांगते, ती माझी आहे. आठ वर्षांपूर्वी मी एका संस्थेत नोकरीला होते. वस्तीतली एक बाई आमच्या केंद्रात यायची. नवऱ्याने तिच्यावर कोयत्याने वार केले होते, तो आत होता. एका सकाळी तिचा फोन आला, "ताई, तो आज संध्याकाळी सुटतोय." त्या दिवशी संस्थेत देणगीदार येणार होते. माझ्याकडे अहवाल मांडायचं काम होतं. मी तिला सगळं नियमाप्रमाणे सांगितलं. पोलीस चौकीत अर्ज दे, पोच घे, शेजाऱ्यांना सांगून ठेव, मी उद्या सकाळी येते. यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. दिवसभर ती चाळीत दारोदार फिरली. संध्याकाळी दोन पोरांना घेऊन गावी आईकडे निघून गेली. पुढे खटला उभा राहिला तेव्हा तिने जबाब फिरवला. सरकारी वकील म्हणाले, साक्षीदार फितूर झाली. नवरा सुटला.

बऱ्याच दिवसांनी मी तिला भेटायला गेले. तिने चहा केला. मी म्हटलं, त्या दिवशी मी यायला हवं होतं. ती म्हणाली, "तुमचंबी बरोबर होतं ताई. तुमच्याकडे पाव्हणे होते ना." रागाने नाही म्हणाली. मला समजून घेत म्हणाली. तिच्या यादीत न्यायाधीश होता, शेजारी होते, आणि त्यांच्याच ओळीत मी होते. हेंडरसनसारखी, तिची हितचिंतक. गावात पैसा येणार म्हणून तो गप्प बसला, माझ्या संस्थेतही त्या दिवशी पैसा येणार होता. मी एम.एस.डब्ल्यू. करताना समूहकार्याचे सगळे टप्पे पाठ केले होते. हे मात्र तिच्या ओट्यावर चहा पिताना शिकले.

त्यातून जे काढलं ते एवढंच. माणसं बाराला गोळा होत नाहीत. दीड तासात, एकेकाच्या दारात, एकटं जाऊन मागितलं तर चांगली माणसंही नाहीच म्हणतात. हर्बला धैर्याचं भाषण नको असतं, त्याला दुसरा माणूस हवा असतो. तो दुसरा माणूस आधी तयार ठेवणं, यालाच आपण संघटना म्हणतो.

त्यानंतर ज्या गटाबरोबर मी काम करते तिथे आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. फिर्याद नोंदवली त्याच आठवड्यात बैठक घ्यायची, तो सुटेल तेव्हा नव्हे. जामिनाच्या अर्जाची तारीख सरकारी वकिलांकडून आधी काढायची. तो सुटणार त्या दिवशी पाचजणींनी तिच्या ओट्यावर बसायचं. भांडायचं नाही, घोषणा नाहीत, भाजी निवडत बसायचं. तारखेला ती एकटी कोर्टात जाणार नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली, तिच्याखाली जिल्ह्याच्या पातळीवर अर्ज करता येतो, तो वेळेत करायचा. आणि कुणी म्हणालं की हा त्यांचा आपसातला मामला, तर तिथेच, त्याच क्षणी, सगळ्यांसमोर म्हणायचं, नाही. कारण ते वाक्य एकदा टिकलं की बाकीची सगळी कारणं त्याच्या आडोशाला येऊन बसतात. पाचजणी ओट्यावर बसल्याने दर वेळी यश येतं, असं मी म्हणणार नाही. पण ती एकटी पडली नाही, एवढं तिला आणि त्याला दोघांनाही दिसतं.

आणि हे केवळ वस्तीपुरतं नाही. १५ ऑगस्ट २०२२ ला बिल्किस बानो प्रकरणातले ११ दोषी गुजरात सरकारने शिक्षेत माफी देऊन सोडले. हार घालून, पेढे वाटून त्यांचं स्वागत झालं. मिलरची तारच होती ती. पण या वेळी तार आली तेव्हा बाई एकटी राहिली नाही. सुभाषिनी अली, रेवती लौल, रूपरेखा वर्मा या बायका तिच्या नात्याच्या नव्हत्या, गावच्या नव्हत्या. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. नंतर बिल्किसही गेल्या. खटला मुंबईत चालला होता, मुंबईच्या न्यायालयाने शिक्षा दिली होती, तेव्हा माफीचा निर्णय घ्यायचा अधिकार गुजरातला नव्हताच, असं न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ ला सांगितलं आणि दोषींना परत तुरुंगात जावं लागलं. हा तुमचा मामला नाही, असं त्या बायकांनाही कोणी ना कोणी म्हणालंच असेल.

सिनेमाच्या शेवटी चारही गुंड मेल्यावर दारं उघडतात आणि सगळं गाव रस्त्यावर येतं. केन कुणाशी बोलत नाही. छातीवरचा बिल्ला काढून धुळीत टाकतो आणि एमीबरोबर निघून जातो. पुष्कळांना तो शेवट आवडतो. मला त्याचं वाईट वाटतं. कारण त्या गावात उद्याही बायकांना त्याच रस्त्याने जायचं आहे, आणि चर्चमध्ये उठून बोललेली ती बाईही तिथेच राहणार आहे. आपल्याला बिल्ला टाकून गाव सोडता येत नाही. आपल्याला त्याच लोकांबरोबर, त्याच सॅम आणि हर्बबरोबर राहायचं आहे, पाणी भरायचं आहे, त्यांच्या मुलींच्या लग्नाला जायचं आहे.

म्हणून आता गटात बसल्यावर एकच काम करा. आपापल्या वस्तीत, गावात अशी कोण आहे जिचा माणूस पुढच्या सहा महिन्यांत सुटणार आहे, ते नाव लिहा. आणि तिच्या ओट्यावर बसायला येतील अशा पाचजणींची नावं त्याखाली लिहा. पहिलं नाव स्वतःचं लिहा.